यकृताचा कालखंड

यकृताचं प्रत्यारोपण झालं की अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या घरच्या माणसांचा प्रश्न एकच असतो: ‘किती दिवसांत बरा होईल?’ उत्तरादाखल त्यांच्या हाती रोज एक कागद येतो. बिलिरुबिन, आयएनआर, एसजीओटी, एसजीपीटी, अल्ब्युमिन, क्रिअ‍ॅटिनीन, लॅक्टेट, प्लेटलेट. समोर आकडे, शेजारी सामान्य मर्यादा, आणि मर्यादेबाहेरचा आकडा ठळक छापलेला. घरातला एखादा शिकलेला भाचा त्या कागदाचा फोटो गावाकडे पाठवतो. ‘बिलिरुबिन आठवरून सहावर आलंय.’ तिकडून विचारणा येते, ‘म्हणजे चांगलं ना?’

कागदावरचे शब्द परके वाटतात, म्हणून आपण आकड्याला चिकटतो आणि शब्द सोडून देतो. पण यातला प्रत्येक शब्द कुणीतरी, कधीतरी, डोळ्यांना काही दिसलं म्हणून ठेवला आहे. काय दिसलं होतं हे कळलं, की तो आकडा बरं होण्याच्या काळाबद्दल काय सांगतो आणि कुठे गप्प बसतो, हेही बरंचसं कळतं. म्हणून आज हा कागद शब्दांच्या बाजूने वाचू या.

आधी तो अवयव. ‘यकृत’ हा शब्द ऋग्वेदाइतका जुना आहे. दहाव्या मंडलातल्या १६३व्या सूक्तात एकेका अवयवातून रोग उपटून काढण्याची भाषा आहे, त्या यादीत यकृत येतं. या शब्दाचं चालणं मोठं वेगळं: प्रथमेत यकृत्, पण षष्ठीत यक्नः. र-कार जातो आणि न-कार येतो. असे चालणारे शब्द वेदभाषेत बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतच रक्ताचा जुना शब्द ‘असृक्’ बसतो, त्याची षष्ठी अस्नः. यकृत आणि रक्त व्याकरणातही एकाच पंगतीला आहेत. लॅटिनमध्ये याच शब्दाचं ‘येकुर’ झालं, ग्रीकमध्ये ‘हेपार’, आणि तिथून आपल्याकडे हिपॅटायटिस आला. इराणी वळणात य-चा ज झाला, संस्कृत युवन् तिकडे जवान झाला तसाच, आणि फारसीतून मराठीत ‘जिगर’ उतरलं. जिगरी दोस्तातलं जिगर म्हणजे मुळात यकृतच.

देशी शब्द ‘काळीज’. तो संस्कृत ‘कालेय’वरून आला, कालेय म्हणजे यकृत, त्याच्या काळपट रंगावरून. हिंदीत त्याचं कलेजा झालं. मराठीत मात्र काळीज हळूहळू छातीत सरकलं आणि धडधडू लागलं. मूळ अर्थ शिल्लक राहिला तो मटणाच्या दुकानात. तिथे ‘पाव किलो कलेजी’ मागितली की खाटीक जो गडद, तुकतुकीत, हाताला जड लागणारा तुकडा तराजूत टाकतो, ते यकृत असतं. हृदय मागायचं तर वेगळं सांगावं लागतं. कोशकार ‘काळजी’ हा शब्दही काळजाशीच जोडतात. आणि अमरकोशातल्या मनुष्यवर्गात यकृताला दिलेला पर्याय तर असा आहे, की आजचा वाचक चमकून थांबेल: ‘कालखंड’. तिथे काल म्हणजे काळा आणि खंड म्हणजे तुकडा. आपण आज कालखंड म्हणतो तो वेळेचा. दोन शब्द नुसते सारखे दिसतात, त्यांचं नातं नाही. पण प्रत्यारोपणानंतरचा सारा प्रश्न या काळ्या तुकड्याच्या वेळेचाच आहे, म्हणून हा योगायोग मला टाकवत नाही.

आता ‘प्रत्यारोपण’. रुह् म्हणजे वाढणं, उगवणं. त्याचं प्रयोजक रूप रोपय, म्हणजे उगवायला लावणं. रोप, रोपण, आरोपण, वृक्षारोपण हे सगळे त्याचे. दोष माणसावर नेऊन बसवणं हा ‘आरोप’देखील तिथलाच, आणि वर्तमानपत्री आरोप-प्रत्यारोपही. पण मला यातला सगळ्यात मोलाचा वाटतो तो साधा घरगुती शब्द ‘रुजणं’. तोही रुह्‌च्या कुळातला. गुह्यचं गूज झालं, त्याच ध्वनिमार्गाने रुह्यतेचं रुजणं झालं. आणि गंमत नव्हे, तर लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की ‘रुग्ण’ शब्दामागे जो रुज् धातू आहे त्याचा अर्थ मोडणं, फुटणं. रुग्ण म्हणजे मोडलेला. कानाला एक वाटणारे हे दोन धातू अर्थाने एकमेकांच्या अगदी समोर उभे आहेत.

शस्त्रक्रिया करणारे मात्र बोलताना ‘प्रत्यारोपित यकृत’ म्हणत नाहीत, ‘ग्राफ्ट’ म्हणतात. ‘ग्राफ्ट चालायला लागलं.’ ‘ग्राफ्टचं रक्त नीट वाहतंय.’ हा शब्दही बागेतलाच. ग्रीक ‘ग्राफिओन’ म्हणजे लिहिण्याची टोकदार काडी. कलमासाठी तासलेली डहाळी तशी दिसते म्हणून फ्रेंचमार्गे इंग्रजीत तिला ते नाव पडलं. आपला ‘कलम’ तरी काय? ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू, तो अरबीत कलम झाला, फारसीतून मराठीत आला, आणि लेखणी व आंब्याचं कलम असे दोन्ही अर्थ घेऊन राहिला. दोन भाषांनी, दोन वेगळ्या शब्दांनी, डहाळीला लेखणीचंच नाव दिलं. कोकणात कोयकलम बांधताना पाहिलं तर कारण लगेच कळतं. नुकत्याच उगवलेल्या कोयीच्या कोवळ्या दांड्याला उभी चीर देतात, हापूसच्या काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तिरकं तासतात, अगदी बोरूला टोक काढावं तसं, ते चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. मग वाट बघायची. काडी हिरवी राहिली आणि डोळा फुगला, तर कलम जगलं. पट्टी सोडून आत डोकावण्याची सोय नसते. बाहेर जे दिसतं त्यावरूनच आतलं ओळखायचं.

यकृताच्या बाबतीत बाहेर दिसणारी खूण म्हणजे रक्त. रञ्ज् म्हणजे रंगणं. रक्त म्हणजे रंगलेलं. रंग, रंजन, अनुराग, सगळे एका कुळातले. सुश्रुतसंहितेत यकृत आणि प्लीहेतल्या पित्ताला ‘रंजक’ म्हटलं आहे, कारण ते रसाला रंग देऊन त्याचं रक्त करतं, असा तो विचार. चरकसंहिता रक्तवाही स्रोतसांचं मूळ यकृतात आणि प्लीहेत सांगते. गर्भात असताना यकृत खरोखरच रक्तपेशी बनवतं. जन्मानंतर ते काम अस्थिमज्जेकडे जातं. मोठ्या माणसाच्या यकृताचं रक्ताच्या रंगाशी नातं उरतं ते उलट्या बाजूने. ते रंग देत नाही, रंगाची विल्हेवाट लावतं.

इथे बिलिरुबिन येतं. लॅटिन ‘बिलिस’ म्हणजे पित्त, ‘रुबेर’ म्हणजे लाल. १८६४ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ गेऑर्ग स्टेडलर यांनी पित्तातली रंगद्रव्यं वेगळी करताना हे नाव दिलं. तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातल्या रंगद्रव्याचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं-नारिंगी बिलिरुबिन. मुका मार लागलेल्या जागी जांभळ्याचा हिरवा आणि हिरव्याचा पिवळा होताना आपण पाहतो, ते हेच. यकृत हे बिलिरुबिन पाण्यात विरघळेल असं करून पित्तात सोडतं. ते जमेनासं झालं की रक्तात साठतं आणि कावीळ दिसते. ‘कावीळ’ म्हणजे संस्कृत कामला; ग्रामचं गाव, नामचं नाव झालं त्याच वाटेने मधला म-कार व झाला.

नवं यकृत कामाला लागलं की बिलिरुबिन उतरायला लागतं. पण घरच्यांना नेमका त्रास होतो तो इथेच. कागदावर सुधारणा दिसते, आयएनआर ठीक होतो, माणूस उठून बसतो, तरी डोळे पिवळेच. फार दिवस कावीळ असलेल्याच्या रक्तात काही बिलिरुबिन अल्ब्युमिन या प्रथिनाला पक्कं चिकटलेलं असतं. ते अल्ब्युमिनबरोबरच जातं, आणि अल्ब्युमिन निम्मं व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. यकृत चालू लागलेलं असतं, रंग मागाहून जातो. हे एवढं एक वाक्य वेळेवर सांगितलं तर कितीतरी घरांची रात्रीची झोप वाचेल.

‘अल्ब्युमिन’मध्येही रंगच आहे: लॅटिन ‘अल्बुस’ म्हणजे पांढरा, अंड्यातला पांढरा भाग तो अल्ब्युमेन. हे प्रथिन फक्त यकृत बनवतं, म्हणून यकृताची खूण म्हणून त्याचं वजन मोठं. पण त्याची चाल मंद. आज यकृताने जोमाने काम सुरू केलं तरी अल्ब्युमिनचा आकडा आठवड्यांनी बोलेल. आणि मध्ये बाहेरून अल्ब्युमिनची बाटली लावलेली असेल तर तो आकडा यकृताचा न राहता बाटलीचा होतो.

याच्या उलट स्वभाव आयएनआरचा. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजण्याची प्रोथ्रॉम्बिन चाचणी अमेरिकेत आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये मांडली. प्रत्येक प्रयोगशाळेचं रसायन वेगळं, त्यामुळे एका रक्ताची दोन ठिकाणी दोन उत्तरं येत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये सर्वांचा मेळ घालणारं गुणोत्तर ठरवलं, तो आयएनआर. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतच बनवतं, आणि त्यांतला सातवा घटक काही तासांतच निम्मा होतो. त्यामुळे यकृत काम करतंय की नाही याची बातमी आयएनआर एका दिवसात देतो. यांतल्या काही घटकांना लागणाऱ्या जीवनसत्त्वाचं ‘के’ हे अक्षर वर्णमालेच्या क्रमाने आलेलं नाही. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांना कोंबडीच्या पिलांमध्ये रक्त न गोठण्याचा विकार दिसला. गोठण्याला डॅनिश आणि जर्मन भाषांत ‘कोआगुलात्सिओन’ वळणाचा के-ने सुरू होणारा शब्द आहे, त्याचं ते आद्याक्षर. या शोधाला १९४३ चं नोबेल मिळालं.

लॅक्टेटचं नाव दुधावरून आलं. शेले या रसायनतज्ज्ञाने १७८० मध्ये हे आम्ल आंबलेल्या दुधातून काढलं, आणि लॅटिनमध्ये दूध म्हणजे ‘लाक’. रक्तातल्या लॅक्टेटचा दुधाशी संबंध नाही. प्राणवायू कमी पडला की पेशी ते तयार करतात आणि यकृत त्याची पुन्हा साखर करतं. म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्या यकृतात रक्त सोडलं की भूलतज्ज्ञांची नजर लॅक्टेटवर असते. काही तासांत तो उतरू लागला की पहिला दिलासा मिळतो. एसजीओटी आणि एसजीपीटी ही तर यकृताच्या पेशींतली विकरं; पेशी दुखावली की रक्तात सांडतात. पहिल्या एक-दोन दिवसांत त्यांचे आकडे हजारांत जाऊ शकतात. ते झालेल्या इजेचं माप आहे, चालू कामाचं नव्हे. म्हणून त्या आकड्याची उंची पाहून हबकण्यापेक्षा तो उतरतोय का हे पाहायचं. ताप ‘उतरतो’, दुखण्याला ‘उतार पडतो’, ही आपली भाषा या कागदाला चपखल लागू पडते.

सगळ्यात शिकवणारा शब्द मात्र क्रिअ‍ॅटिनीन. ग्रीक ‘क्रेआस’ म्हणजे मांस. शेव्ह्रल या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८३२ मध्ये मांसाच्या रश्शात क्रिएटिन सापडलं, आणि लीबिग यांनी १८४७ मध्ये त्याच्यापासून मिळणाऱ्या क्रिअ‍ॅटिनीनला नाव दिलं. या क्रेआसचा सख्खा भाऊ संस्कृतात आहे: ‘क्रव्य’. कच्चं मांस खाणारा तो क्रव्याद. आपण क्रिअ‍ॅटिनीन वाचतो ते मूत्रपिंडाची खूण म्हणून. मूत्रपिंड थकलं की ते रक्तात वाढतं. पण ते तयार होतं स्नायूत, मांसात, हे त्याचं नावच सांगतं. वर्षानुवर्षं यकृताच्या आजाराने खंगलेल्या माणसाच्या अंगावर मांसच उरलेलं नसतं. दंड वाळलेले, गालफडं बसलेली, पोट तेवढं पाण्याने फुगलेलं. अशाचं मूत्रपिंड निम्मं निकामी झालं असलं तरी क्रिअ‍ॅटिनीन साळसूदपणे मर्यादेत दिसतं. बायकांच्या अंगावर मुळात स्नायू कमी, म्हणून त्यांच्या बाबतीत हा आकडा आणखी फसवतो.

या फसवणुकीचे परिणाम खरेखुरे झाले. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत कुणाची निकड जास्त हे ठरवायला ‘मेल्ड’ नावाचा गुणांक वापरतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये तो तयार झाला, २००१ मध्ये डॉ. पॅट्रिक कामत आणि सहकाऱ्यांनी तो मांडला, आणि २००२ पासून तिथे यकृतवाटपासाठी लागू झाला. बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिअ‍ॅटिनीन या तिघांच्या लॉगरिदमांना ठरलेल्या वजनांनी गुणून ६ ते ४० मधला आकडा येतो. पुढे २०१६ मध्ये सोडियमही धरलं गेलं. क्रिअ‍ॅटिनीन कमी दिसल्यामुळे बायकांना गुण कमी पडत आणि त्या यादीत मागे राहत. २०२३ मध्ये अमेरिकेत लागू झालेल्या सुधारित मेल्डमध्ये स्त्री रुग्णांना जास्तीचे गुण दिले गेले आणि अल्ब्युमिनही हिशेबात आलं. नाव मांसावरून पडलेलं आहे, ही गोष्ट वाटपाच्या सूत्रात शिरायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला.

मराठीत ‘गुण’ म्हणजे परीक्षेतले मार्क, आणि ‘औषधाचा गुण आला’ म्हणजे आराम पडला. मेल्डमध्ये गुण जितके जास्त तितका माणूस अधिक आजारी. नातेवाइकांशी बोलताना डॉक्टर ‘स्कोअर’ म्हणतात ते एका परीने बरंच आहे. शिवाय मेल्ड सांगतो ते प्रत्यारोपण न झाल्यास पुढच्या तीन महिन्यांतला धोका. शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांत घरी जाल, हा त्याला विचारलेला प्रश्नच नाही. शस्त्रक्रियेआधीचा मेल्ड फार चढलेला असेल तर अतिदक्षता विभागातला मुक्काम लांबण्याकडे कल असतो, एवढंच त्यातून निघतं.

नव्या यकृताची सुरुवात अडखळली का, हे ठरवायला २०१० मध्ये सुचवलेल्या खुणा आजही वापरात आहेत: सातव्या दिवशी बिलिरुबिन १० किंवा अधिक, सातव्या दिवशी आयएनआर १.६ किंवा अधिक, किंवा पहिल्या सात दिवसांत एसजीओटी वा एसजीपीटी २००० च्या वर. यांतलं एक जरी असलं तरी सावध व्हायचं. सावध, हताश नव्हे. अडखळलेली अनेक यकृतं पुढे नीट चालतात. सहाव्या दिवशी आयएनआर १.७ आहे म्हणून रडू नये आणि सातव्या दिवशी १.५ झाला म्हणून पेढेही वाटू नयेत.

या साऱ्याला काय म्हणावं? भाकीत हा शब्द मला इथे जड वाटतो. ग्रीकमधून आलेला ‘प्रॉग्नोसिस’ खरं तर आपल्या प्रज्ञेचाच नातलग आहे: प्रो आणि प्र एकच, ग्नो आणि ज्ञा एकच. आयुर्वेदाने तर रोगांची वर्गवारीच करून ठेवली होती: सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य. पण रोजच्या कागदाला शोभेल असा शब्द म्हणजे ‘अंदाज’. फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणं. गोलंदाज गोळा फेकतो, तिरंदाज तीर. अंदाजा म्हणजे माप. नेम धरून टाकलेलं माप, तो अंदाज. दुसऱ्या दिवशी नवं रक्त काढलं की नेम पुन्हा धरायचा. एका दिवसाच्या आकड्यावरून जो घरी जायची तारीख सांगतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही, मग ते सांगणारं संगणकाचं सूत्र असो की अनुभवी माणूस. चार-पाच दिवसांची रेघ कुठे चाललीय यावरून मात्र जाणकाराला पुष्कळ सांगता येतं.

आणि घरी गेल्यावरही रक्त काढणं थांबत नाही. तेव्हा कागदावर आणखी एक नाव येतं, टॅक्रोलिमस. शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून घेण्याच्या या औषधाची रक्तातली पातळी मोजत राहावी लागते. जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या परिसरातल्या मातीतल्या जिवाणूपासून ते १९८४ मध्ये मिळालं, आणि नावातला पहिला ‘ट’ त्या त्सुकुबाचा. हे औषध येण्याच्या फार आधी, १९६३ मध्ये डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी माणसावर पहिलं यकृतप्रत्यारोपण केलं तेव्हा रुग्ण वाचला नव्हता. वर्षभर जगलेला पहिला रुग्ण १९६७ मधला. भारतातलं पहिलं यशस्वी यकृतप्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं, एका बालकावर, वडिलांनी दिलेल्या यकृताच्या तुकड्याने. आजही आपल्याकडे बहुतेक यकृतं जिवंत दात्याकडूनच येतात, बहुधा घरातल्याच. म्हणजे एकाच घरातली दोन माणसं एकाच वेळी हे आकडे मोजत असतात.

‘बरा’ हा शब्दही मोठा समजूतदार आहे. ‘बरं आहे’ म्हणजे उत्तम नव्हे, चाललंय, सुधारतंय. यकृत रुजलं, आयएनआर जागेवर आला, तरी वाळलेल्या दंडांवर मांस चढायला, जिना चढताना दम न लागायला महिने जातात, आणि ते कागदावरचा कुठलाच आकडा सांगत नाही. ते ताटातल्या जेवणावरून आणि चालण्यावरून कळतं.

म्हणून प्रत्यारोपण केंद्रांतल्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि समन्वयकांना एक विनंती. घरच्यांच्या हाती रोजचा कागद देताना पाठीमागे मराठीत आठ ओळी छापा: कोणता शब्द कशाची खूण, तो किती तासांनी बोलतो की किती आठवड्यांनी, आणि बाहेरून दिलेल्या कोणत्या औषधाने तो बदलतो. आणि वाचकहो, तुमच्यावर तो कागद हाती घेण्याची वेळ आली, तर ‘आजचा आकडा किती’ हे विचारून थांबू नका. परवापासून तो कुठल्या दिशेने चाललाय, हे विचारा.